जुन्या संगणकाला चालेल असं ग्राफिक्स कार्ड कसं शोधायचं

जुन्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड गेलं की ‘आता कोणतं घ्यायचं?’ हा प्रश्न सगळ्यात आधी पुढे येतो. खरं तर तो शेवटी विचारायचा. मशीन काय स्वीकारेल ते आधी ठरतं, आणि ते चार गोष्टींवर अवलंबून असतं: स्लॉट (मदरबोर्डवर कार्ड खोचायची फट), वीज, जागा आणि बायॉस (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातलाच प्रोग्राम). यांतला स्लॉट डोळ्यांना दिसतो म्हणून बहुतेक जण तेवढाच पाहतात. पण नवं आणलेलं कार्ड चालत नाही तेव्हा कारण बहुधा उरलेल्या तिघांत सापडतं.

आधी खात्री करा, कार्डच गेलंय का?

संगणक चालू केल्याबरोबर, विंडोज यायच्याही आधी, कंपनीच्या लोगोवर किंवा बायॉसच्या पानावर रंगीत चौकटी आणि उभ्या रेषा दिसत असतील, तर दोष बहुधा कार्डाच्या चिपमध्ये किंवा मेमरीत असतो. मात्र केबल आणि मॉनिटर बदलून एकदा पाहा. बायॉस स्वच्छ दिसतो आणि विंडोज उघडताना चित्र बिघडतं, असं असेल तर आधी ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाका. गेम सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांनी मशीन बंद पडत असेल तर उष्णता किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तपासा.

स्क्रीनवर काहीच येत नसेल तर प्लग काढून कार्ड आणि रॅम दोन्ही बाहेर घ्या, सोनेरी संपर्कांवरून मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा पूर्ण झटका आणि पुन्हा घट्ट बसवा. जुन्या मशीनमध्ये ‘डिस्प्ले नाही’ याचं कारण रॅमचा सैल संपर्क हे कितीतरी वेळा असतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही मोजा. ३ व्होल्टचा हा सेल २.८ च्या खाली गेला असेल तर बदला, नाहीतर बायॉसची सेटिंग प्रत्येक वेळी मूळ पदावर जातील आणि पुढची सगळी तपासणी चुकत राहील.

बोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर आवाज ऐका. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. एएमआय कंपनीच्या बायॉसमध्ये आठ आखूड बीप डिस्प्ले मेमरीकडे बोट दाखवतात.

यानंतर कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा. इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासूनच्या बहुतेक कोअर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर नसतं. एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरमध्येही नसतं. इथून चित्र आलं आणि तुमचं काम कागदपत्रं, मेल, ब्राउझर एवढंच असेल, तर नवं कार्ड घेण्याची गरजच नाही. मशीन कमी तापेल आणि एसएमपीएसवरचा ताणही उतरेल.

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचा सल्ला अजून फिरत असतो. तो मानू नका. त्याने कार्ड चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये सोल्डर-प्लॅस्टिकचा विषारी धूर कोंडतो.

मशीनची नोंद आणि स्लॉट

मशीन चालू होत असेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) चालवा. बोर्डचं मॉडेल, बायॉसची आवृत्ती आणि तारीख, तसंच ‘बायॉस मोड’ समोर लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी पद्धत), हे चार तपशील लिहून ठेवा. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेनबोर्ड टॅबमध्ये ग्राफिक्स स्लॉटची पिढी आणि लेन (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) दिसतात. मशीन बंदच असेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर वाचून उत्पादकाच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा.

साधारण २००४ नंतरच्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस एक्स१६ हा लांब स्लॉट येऊ लागला. त्याआधीच्या मशीनवर एजीपी असतं. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत आणि अ‍ॅडॉप्टरने काम भागत नाही. एजीपीमध्ये ३.३ आणि १.५ व्होल्ट असे वेगळे प्रकार आहेत. कार्डाची खाच स्लॉटच्या दांडीशी जुळत नसेल तर जोर लावू नका, बोर्ड जळू शकतो.

पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. तिसऱ्या पिढीचं कार्ड दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये दुसऱ्या पिढीच्या वेगाने चालतं. अपवाद अगदी सुरुवातीच्या १.० बोर्डांचा. त्यांतले काही २.१ आवृत्तीचं कार्ड लावल्यावर सुरूच होत नाहीत, आणि बायॉस अपडेट असेल तरच मार्ग निघतो.

त्याहून मोठा फरक पडतो तो लेनमुळे. कार्डाचा कनेक्टर एक्स१६ लांबीचा दिसला तरी आत सगळ्या लेन जोडलेल्या असतीलच असं नाही. रेडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी यांना फक्त चार लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्यांना सेकंदाला सुमारे ८ जीबीची वाट मिळते, तिसऱ्या पिढीवर ४ आणि दुसऱ्या पिढीवर फक्त २. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की डेटा याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम अडखळू लागतो. जुन्या बोर्डसाठी सोळा लेनचं, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० म्हणूनच जास्त समजूतदार निवड ठरते. बोर्डावर दोन लांब स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या जवळचा वापरा, कारण खालच्याला बऱ्याचदा चारच लेन दिलेल्या असतात.

वीज: इथे घाई करू नका

एक्स१६ स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची वीज सहा पिनच्या केबलने ७५ आणि आठ पिनच्या केबलने १५० वॅट येते. पण स्लॉटचे ७५ वॅट सगळीकडे मिळतात असं समजू नका. ब्रँडेड कंपन्यांच्या छोट्या कॅबिनेटमधले काही बोर्ड स्लॉटला २५ किंवा ३५ वॅटच देतात. ही मर्यादा त्या मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत, विस्तार स्लॉटच्या प्रकरणात दिलेली असते.

आता एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. वरती मोठ्या अक्षरांत लिहिलेला एकूण वॅटचा आकडा बाजूला ठेवा आणि १२ व्होल्टच्या ओळीत अँपिअर किती आहेत ते पाहा. अँपिअर गुणिले १२ केलं की प्रोसेसर आणि कार्ड यांच्यासाठीची खरी ताकद कळते. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची थेट बेरीज चुकीची. त्याखाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा दिलेली असते, तीच धरा.

उदाहरण घेऊ. लेबलवर १२ व्होल्टला १८ अँपिअर आहेत, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर ९५ वॅटचा, आणि डिस्क, पंखे, बोर्ड यांचे मिळून ४० धरले. ६० वॅटचं कार्ड लावलं तर बेरीज १९५ होते. कागदावर हे बसतं, पण दहा-बारा वर्षं चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात आणि तो लेबलवरची ताकद आता देईलच याचा भरवसा नसतो. म्हणून किमान पाचवा हिस्सा मोकळा ठेवा, म्हणजे इथे १७२ वॅटच्या आत राहा. मग ३० वॅटचं कार्ड बसतं: एकूण १६५.

मोठं कार्डच हवं असेल तर एसएमपीएस बदला, पण आधी त्याचं बोर्डाकडे जाणारं कनेक्टर पाहा. नेहमीचं २४ पिनचं असेल तर कोणताही चांगला एटीएक्स (नेहमीच्या प्रकारचा) एसएमपीएस चालतो. काही ब्रँडेड मशीनमध्ये सहा, आठ किंवा चौदा पिनचं त्यांचं स्वतःचं कनेक्टर असतं. तिथे योग्य रूपांतर केबल मिळाली तरच बदल करा. पिन जुळतायत म्हणून दुसऱ्याच एसएमपीएसची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) केबल लावू नका. आकार सारखा असूनही तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि पहिल्याच क्षणी बोर्ड किंवा डिस्क जाते.

डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलवरून सहा पिन काढणारे अ‍ॅडॉप्टर सहज मिळतात. ते टाळाच. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळी मिळून ५४ वॅट. सहा पिनच्या कार्डाला मात्र ७५ पर्यंत लागू शकतात. त्यातून प्लॅस्टिक वितळतं आणि आग लागण्याची भीती राहते.

जागा

बारीक कॅबिनेट असेल तर लो-प्रोफाइल कार्ड लागतं. पूर्ण उंचीची मागची पट्टी साधारण १२० मिमी आणि छोटी ७९ मिमी असते. छोटी पट्टी कार्डासोबत येते का, हे घेण्याआधी विचारा; वापरलेल्या कार्डांसोबत ती हमखास हरवलेली असते. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची लांबी मोजा आणि त्यातून केबल वळवण्यासाठी १५-२० मिमी वजा करा. जुन्या बोर्डांवर साटाची पोर्ट सरळ वर तोंड करून असतात, त्यामुळे लांब कार्ड नेमकं त्यांच्यावर येतं. कार्डाची जाडी एक स्लॉट आहे की दोन, तेही पाहा.

बायॉस: सगळं बसूनही पडदा काळा

कार्ड बसतं, पंखा फिरतो, वीज पुरेशी आहे, पण चित्र नाही. याचं कारण बऱ्याचदा फर्मवेअर, म्हणजे बायॉससारखा चिपमध्येच भरलेला प्रोग्राम, असतं. साधारण २०१२ च्या आधीच्या मशीनमध्ये जुन्या पद्धतीचा लेगसी बायॉस असतो, त्यानंतर यूईएफआय रुळलं. पुष्कळ कार्डांच्या चिपमध्ये दोन्ही पद्धतींचा कोड असतो, तरीही जुन्या ब्रँडेड बोर्डांची नव्या कार्डांशी गाठ पडली की काही जोड्या जमत नाहीत. म्हणून नवं कार्ड लावायच्या आधी, जुन्या कार्डावर किंवा बोर्डच्या पोर्टवर मशीन चालत असतानाच, उत्पादकाचा शेवटचा बायॉस चढवा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस असेल तर त्यावरच करा. आणि त्याच मॉडेलच्या मशीनवर ते कार्ड चालल्याची नोंद सापडते का, ते शोधा. यापेक्षा भरवशाचा पुरावा नाही.

उलटी अडचणही येते. यूईएफआय बोर्डवर सीएसएम (जुन्या बायॉस पद्धतीने चालण्याची सोय) बंद असेल आणि कार्ड फार जुनं असेल तर चित्र येत नाही. सीएसएम चालू करा, पण डिस्कसमोर यूईएफआय बूट तसंच राहू द्या, म्हणजे विंडोज उघडेल. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचा प्रोग्राम सुरू होऊ देणारी सुरक्षा) मात्र बहुतेक बोर्डांवर यासाठी बंद करावं लागतं.

इंटेलच्या आर्क मालिकेला रिसाइझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय लागते. ती जुन्या बोर्डांवर नसते आणि तिच्याशिवाय कार्डाचा वेग बराच पडतो. जुन्या मशीनसाठी आर्क घेऊ नका.

मॉनिटर आणि ड्रायव्हर

जुन्या मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए पोर्ट असेल तर सावध राहा. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग संकेत काढून टाकला. या कार्डांवर डीव्हीआय-डी असतं, आणि त्यात साधा डीव्हीआय ते व्हीजीए जोड बसत नाही; आडव्या पात्याच्या भोवतीची चार भोकं त्यात नसतात. तिथे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएकडे जाणारं, आत चिप असलेलं सक्रिय रूपांतरक घ्या.

ड्रायव्हर कोणत्या विंडोजसाठी आहे ते कार्ड घेण्यापूर्वी पाहा. ३२-बिट विंडोजसाठी एनव्हिडियाने ३९० मालिकेनंतर ड्रायव्हर काढलेले नाहीत, त्यामुळे जीटीएक्स १६५० तिथे चालणार नाही. केपलर पिढीच्या, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांचे गेमसाठीचे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचे (मुख्यतः जीटीएक्स ९०० आणि १० मालिका) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. त्यांना सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. लिनक्स वापरत असाल तर एएमडीचं कार्ड सोपं जातं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो.

मग कोणतं?

फक्त पडदा आणि ऑनलाइन व्हिडिओ हवे असतील तर वेगापेक्षा डीकोडिंग (दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणं) महत्त्वाचं. जुना प्रोसेसर व्हीपी९ (ऑनलाइन व्हिडिओ लहान करण्याची एक पद्धत) व्हिडिओ उलगडताना पूर्ण घाईला येतो. जीटी ७१० ला व्हीपी९ उलगडता येत नाही, त्यामुळे ते घेऊन पडदा मिळेल पण प्रोसेसरचा ताण उतरणार नाही. जीटी १०३० ला ते जमतं, आणि त्याला जेमतेम ३० वॅट लागतात. पण याच नावाची दोन कार्डं आहेत. जीडीडीआर५ मेमरीचं सेकंदाला ४८ जीबी हलवतं, डीडीआर४ चं फक्त १६.८ जीबी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव तेच असतं, म्हणून मेमरीचा प्रकार वाचल्याशिवाय घेऊ नका. जीटी ७३० मध्ये तर पूर्ण वेगळ्या पिढीची चिपही खपवलेली आहे.

छोट्या कॅबिनेटसाठी वर्कस्टेशन कार्डांकडे बघा, लोकांचं तिकडे लक्ष कमी जातं. एनव्हिडिया टी४०० ३० वॅटचं, टी६०० ४० चं आणि टी१००० ५० चं. तिन्ही लो-प्रोफाइल, एका स्लॉटच्या जाडीची आणि वेगळ्या केबलशिवाय चालणारी. त्यांवर मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर सोबत मागा.

गेमसाठी, वेगळी केबल नसलेल्या मशीनमध्ये जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप. दोघांची गरज ७०-७५ वॅट, म्हणजे स्लॉट पूर्ण ताकदीचा असेल तरच. १६५० ची काही मॉडेल सहा पिनची केबल मागतात, तेव्हा नेमक्या मॉडेलचा फोटो पाहून ठरवा. दोन किंवा चार गाभ्यांच्या (कोअरच्या) जुन्या प्रोसेसरला यापुढचं कार्ड लावलं तर ते बराच वेळ रिकामं बसून प्रोसेसरची वाट पाहतं. तो पैसा रॅमची दुसरी पट्टी आणि एसएसडीवर घातलेला बरा.

वापरलेलं घेत असाल तर समोर मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. फार जुन्या चिपवर खोटं नाव चढवून विकलेली कार्डं फिरत असतात. हा प्रोग्राम त्यांतली बरीच ओळखतो आणि नावाआधी ‘फेक’ दाखवतो. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसलं तर संशय घ्या, वर सांगितलंच की त्या पिढीत अ‍ॅनालॉग संकेतच नाही. १५ मिनिटं ताण देऊन पाहा, पंखा खडखडतो का ऐका.

बसवताना आणि नंतर

जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पूर्ण पुसणाऱ्या प्रोग्रामने काढा. मशीन बंद करून प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून जुनं कार्ड सरळ वर ओढा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती खिटी ठिसूळ झालेली असते, तेव्हा बोटाऐवजी लाकडी काडीने दाबा. नवं कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खिटीचा आवाज येईपर्यंत बसवा, मग स्क्रू. केबल कार्डाच्या पोर्टला लावा. ती बोर्डच्या पोर्टला राहिल्यामुळे ‘कार्ड चालत नाही’ असं ठरवून परत केलेल्या कार्डांची संख्या कमी नसेल.

चित्र आलं नाही तर बायॉसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेस (काही बायॉसमध्ये याचंच नाव पीईजी) निवडा. डिस्प्लेपोर्टवर बायॉस दिसत नाही पण विंडोज दिसतं, असं मॅक्सवेल-पास्कल कार्डांवर होतं. एनव्हिडियाचं डिस्प्लेपोर्ट फर्मवेअर अपडेट त्यासाठीच आहे. तोवर एचडीएमआयवर चालवा.

ताणाखाली मशीन एकदम बंद होऊन पुन्हा सुरू झालं तर एसएमपीएस. पडदा काळा पण पंखा पूर्ण वेगात असेल तर वीजजोड किंवा उष्णता. चित्र थिजून परत येत असेल तर आधी ड्रायव्हर, मग कार्डाची मेमरी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (अडचणीमुळे विंडोजने कार्ड थांबवलं) दिसला तर स्वच्छ ड्रायव्हर टाकून बघा. तरीही तोच कोड आला तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये तपासा.

जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेससमोर रिकाम्या वेळी १.१ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवण्यासाठी जोडणी खाली उतरते. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून ताण दिला की खरा वेग दिसतो. तिथे अपेक्षेपेक्षा कमी लेन दिसल्या तर संपर्क पुसून कार्ड पुन्हा बसवा. जुनं कार्ड अर्धवट जरी चालत असलं तरी टाकू नका. पुढे कधी बायॉस पुन्हा चढवायची वेळ आली तर पडदा दाखवायला तेच कामी येईल.